आधी विचारा, मग मारा: टर्मिनलमध्ये फाइली शोधणं आणि प्रोसेस आवरणं

टर्मिनल वापरायला बिचकणाऱ्याला वाटतं, आपल्याला कमांड पाठ नाहीत म्हणून आपण बिचकतो. पाठ तर रोज वापरणाऱ्यांनाही नसतात. मॅन्युअल उघडून बघायचं, जुनी ओळ वरच्या बाणाने परत आणायची, यावरच निम्मं काम चालतं. खरी धास्ती असते ती एंटर दाबल्यानंतरची. इथे ‘नक्की ना?’ असं कुणी विचारत नाही, आणि आरएम या कमांडने उडवलेली फाइल कुठल्या कचरापेटीत जाऊन पडत नाही.

ही धास्ती कमी करायला एक सवय पुष्कळ पुरते. काहीतरी करून टाकणाऱ्या बहुतेक कमांडची एक नुसतं दाखवणारी जोड असते. आधी ती चालवायची. आलेली यादी नीट नजरेखालून घालायची, आणि मग तीच ओळ परत आणून फक्त तिचं शेपूट बदलायचं. नव्याने टाइप करायची नाही, कारण नव्याने टाइप केली की ती वेगळी ओळ झाली आणि मघाशी तपासलेल्या यादीचा उपयोग संपला.

पुढच्या ओळींमध्ये कमांडची नावं आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीसारखे छोट्या रोमन अक्षरांत आणि अंकांत टाइप करायचे. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत. मॅक काही ठिकाणी वेगळा वागतो, कारण त्याच्या कमांड बीएसडी या युनिक्सच्या वेगळ्या घराण्यातल्या आहेत.

फाइंडला आधी जागा सांगा

फाइंड ही फाइली शोधणारी कमांड पहिल्यांदा तिरसट वाटते. तिचं व्याकरण मात्र तीन भागांचंच आहे: कुठे शोधायचं, कोणत्या अटीवर, आणि सापडल्यावर काय करायचं.

फाइंड . -टाइप एफ -नेम '*.लॉग'

टिंब म्हणजे आपण आत्ता उभे आहोत तो फोल्डर. तिथून खाली जितके फोल्डर असतील तितक्यांत शिर, साध्या फाइलीच घे, आणि नाव ‘.लॉग’ने संपलं पाहिजे. तिसरा भाग लिहिलाच नाही, की फाइंड फक्त नावं छापते. आपल्याला हवी असलेली दाखवणारी जोड ती हीच. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नको असेल तर -नेमच्या जागी -आयनेम. लिनक्सवर जागा सांगितली नाही तर फाइंड चालू फोल्डर धरते. मॅकवर सांगावीच लागते. टिंब नेहमीच टाकण्याची सवय लावली की दोन्हीकडे निभतं.

त्या ओळीतली अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. ती काढली तर काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. आपण टाइप केलेली ओळ आधी शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) वाचतो, फाइंड नाही. शेलला उघडी चांदणी दिसली की तो चालू फोल्डरमधल्या जुळणाऱ्या नावांनी ती भरून टाकतो. आता तीन शक्यता. चालू फोल्डरमध्ये एकही लॉग फाइल नसेल, तर बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) चांदणी तशीच पुढे पाठवतो आणि सगळं सुरळीत चालतं. एकच असेल, समजा ‘आज.लॉग’, तर फाइंडला चांदणी दिसतच नाही. ती खालच्या सगळ्या फोल्डरमध्ये फक्त ‘आज.लॉग’ याच नावाच्या फाइली शोधते आणि बाकीच्या शंभर मुकाट्याने वगळते. दोन किंवा जास्त असतील, तर फाइंड चूक दाखवून थांबते. म्हणजे तीच ओळ एका फोल्डरमध्ये बरोबर, दुसऱ्यात अर्धवट आणि तिसऱ्यात बंद. यातली मधली अवस्था सगळ्यात वाईट, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही.

फाइंड आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते, आणि कृतीही तिच्या लेखी त्या रांगेतलीच एक गोष्ट असते. म्हणून या दोन ओळी सारख्या नाहीत:

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -डिलीट
फाइंड . -डिलीट -नेम '*.टीएमपी'

पहिली तात्पुरत्या फाइली काढते. दुसरी समोर येईल ते आधी काढते आणि नाव नंतर तपासते. म्हणजे चालू फोल्डरखालचं सगळं जातं. म्हणूनच आधी -डिलीटशिवाय चालवा, यादी बघा, मग वरच्या बाणाने ओळ आणून अगदी शेवटी -डिलीट जोडा. या क्रमाने काम केलं की दुसरी ओळ हातून घडणं जवळजवळ अशक्य होतं.

वेळेवरून शोधणं ही फाइंडची सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी बाजू. एखाद्या प्रोग्रॅममध्ये सेटिंग बदललं, पण ते कोणत्या फाइलीत लिहिलं गेलं ते कळत नाही? सेटिंग बदला आणि लगेच विचारा:

फाइंड ~ -टाइप एफ -एममिन -५

होम फोल्डरमध्ये गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फाइली समोर येतात. त्यात ब्राउझरचा बराच कचरा असेल, पण हवी ती फाइलही असेल. दिवसांच्या हिशोबाला -एमटाइम आहे, आणि तिथे एक खोच आहे. फाइंड वयाचे पूर्ण चोवीस तासांचे तुकडे पाडते आणि वरचा अपूर्णांक सोडून देते. त्यामुळे ‘-एमटाइम +१’ म्हणजे एका दिवसापेक्षा जुनी असं वाटतं, पण प्रत्यक्षात निदान ४८ तास जुनी फाइलच त्यात बसते. तीस तासांची फाइल हिशोबात ‘१’ ठरते, आणि १ हे १ पेक्षा मोठं नाही. बॅकअप साफ करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘एक दिवस जास्तच कसा राहतो’ हा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच येतो.

आकाराचा हिशोब उलटा, वरच्या बाजूला पूर्ण करून होतो. ‘-साइज +१००एम’ (एम मोठा) म्हणजे शंभर मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइली, इथपर्यंत ठीक. पण ‘-साइज -१एम’ लिहिलं तर लिनक्सवरची फाइंड एक मेगाबाइटपेक्षा लहान फाइली दाखवत नाही, फक्त रिकाम्या फाइली दाखवते. एक बाइटची फाइलसुद्धा ‘१ एम’ धरली जाते. लहान फाइली हव्यात तर बाइटमध्ये विचारायचं, आकड्यानंतर सी लावून.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. -सीटाइममधला सी म्हणजे फाइल जन्माला आल्याची वेळ नव्हे. फाइलीची नोंद शेवटची कधी बदलली ते ती सांगते: परवानग्या बदलल्या, मालक बदलला, मजकूर बदलला, तरी ती पुढे सरकते.

पूर्ण सिस्टीम धुंडाळताना ‘परवानगी नाही’च्या ओळींचा पाऊस पडतो. शेवटी २>/डेव्ह/नल जोडलं की त्या गप्प होतात. आणि -एक्सडेव्ह लिहिलं की फाइंड दुसऱ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या जोडलेल्या फोल्डरमध्ये घुसत नाही. मोठ्या सर्व्हरवर हा एक पर्याय विसरलात तर शोध तासभरही रेंगाळू शकतो.

सापडलेल्या फाइलींवर दुसरी कमांड चालवायची तर -एक्झेक आहे. शेवटी \; लावलं तर प्रत्येक फाइलीसाठी ती कमांड नव्याने सुरू होते, + लावलं तर जितकी नावं एका खेपेत मावतील तितकी एकदम दिली जातात. दहा हजार फाइलींवर या दोन चिन्हांतला फरक नुसत्या डोळ्यांनी जाणवतो. बरेच जण त्याऐवजी पाइप करून (| या चिन्हाने नावं पुढे देऊन) एक्सआर्ग्ज वापरतात, जी आलेली नावं दुसऱ्या कमांडला देते, आणि नावात जागा असलेल्या पहिल्याच फाइलीला अडखळतात. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. जागा चालते, नवी ओळसुद्धा चालते. त्यामुळे नावं वेगळी करायला सुरक्षित असा एकच विभाजक उरतो, शून्य बाइट:

फाइंड . -नेम '*.जेपीजी' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० एलएस -एलएच

शेपटाला आधी एलएस, म्हणजे नुसती यादी, मग जे काय करायचं ते. सवय तीच.

फाइंड प्रत्येक वेळी डिस्कवर प्रत्यक्ष चालत जाते. लोकेट तसं करत नाही. ती आधी करून ठेवलेल्या नावांच्या कोठारात बघते, म्हणून क्षणात उत्तर देते. ते कोठार साधारणपणे दिवसातून एकदा भरलं जातं. म्हणून लोकेटला आत्ता बनवलेली फाइल माहीत नसते आणि सकाळी काढून टाकलेली फाइल अजून आठवत असते. ‘हे कुठेतरी होतं’ अशा आठवणीसाठी लोकेट झकास आहे, पण काही काढून टाकायचं ठरवताना तिच्यावर भरवसा ठेवू नका.

नाव नाही, आतला मजकूर आठवतोय

अशा वेळी ग्रेप. ही कमांड केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिली, आणि तिचं नाव ‘ईडी’ या जुन्या एडिटरमधल्या एका आज्ञेवरून आलं: सगळीकडे बघ, हा नमुना शोध, ती ओळ छाप.

ग्रेप -आरएन 'टाइमआउट' .

आर म्हणजे खालच्या फोल्डरांतही शोध, एन म्हणजे ओळ क्रमांक दाखव. नुसती फाइलींची नावं हवीत तर -एल. मोठं आय लावलं की चित्रं, बायनरी वगैरे वगळल्या जातात.

रोज कोडमध्ये शोधणारे आता ग्रेपच्या जागी रिपग्रेप आणि फाइंडच्या जागी एफडी वापरतात. दोन्ही वेगवान आहेत आणि दोन्ही गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइली आपणहून वगळतात. हे सुख आहे आणि सापळाही आहे. ‘मजकूर तर फाइलीत आहे, मग दिसत का नाही’ म्हणून डोकं धरून बसायच्या आधी ती फाइल गिटच्या वगळणीत किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये आहे का ते बघा. रिपग्रेपला -यू दिलं की ती गिटची वगळणी सोडून देते, -यूयू दिलं की लपलेल्या फाइलींतही शिरते.

शोधाचा आणखी एक प्रकार: मी अमुक कमांड टाइप करतो तेव्हा नेमकी कोणती चालते? एकाच मशीनवर पायथनच्या तीन प्रती असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ‘टाइप -ए पायथन३’ म्हटलं की शेलला माहीत असलेल्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. पहिली दिसते ती चालते. बॅशमध्ये यासाठी विचपेक्षा टाइप भरवशाची, कारण तिला उपनावं आणि शेलमधली फंक्शनंही दिसतात.

चालू काय आहे?

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. प्रत्येकीला एक क्रमांक असतो, पीआयडी, आणि तिला सुरू करणारी एक पालक प्रोसेस असते. ‘पीएस एयूएक्स’ आणि ‘पीएस -ईएफ’ या दोन्ही ओळी सगळ्या प्रोसेस दाखवतात. एकीत उणे चिन्ह नाही आणि दुसरीत आहे, कारण त्या युनिक्सच्या दोन वेगळ्या घराण्यांतून आल्या आणि पीएसने दोन्ही बोली सांभाळल्या. कोणतीही एक लक्षात ठेवा.

पुढची पायरी म्हणून सगळेच ‘पीएस एयूएक्स | ग्रेप अमुक’ लिहितात आणि यादीत ग्रेप स्वतःच सापडते, कारण तिच्याही ओळीत तो शब्द असतो. जुन्या लोकांची युक्ती म्हणजे शोधशब्दाचं पहिलं अक्षर चौकटी कंसात टाकायचं. चालते, पण आता गरज नाही:

पीग्रेप -एएफ 'सर्व्हर'

हीत ग्रेप येत नाही, आणि प्रत्येक क्रमांकापुढे पूर्ण कमांड दिसते. मॅकवर हेच -एफएल असं लिहावं लागतं. पीग्रेपची जोड पीकिल. पर्याय बहुतेक सारखे, फक्त एक दाखवते आणि दुसरी सिग्नल (प्रोसेसला दिलेला इशारा) पाठवते. म्हणजे सुरुवातीची सवय इथे कमांडच्या नावातच बांधलेली आहे: पीग्रेप चालवा, यादी बघा, वरचा बाण, ‘पीग्रेप’चं ‘पीकिल’ करा, -ए काढा.

यादी खरंच बघा, हे पुन्हा सांगायला कारण आहे. -एफ लावलं की नमुना पूर्ण कमांडच्या ओळीत शोधला जातो. ‘पीकिल -एफ टेस्ट’ तुमची अडकलेली चाचणी बंद करेल आणि ‘टेस्ट.पीवाय’ उघडून बसलेला एडिटरही. -एफ लावलं नाही तर उलटी गंमत: लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, प्रोसेसच्या नावाची पहिली १५ अक्षरंच ठेवतो, त्यामुळे त्याहून लांब नाव पूर्ण टाइप केलंत तर काहीच सापडत नाही.

किलऑल नावाची एक कमांडही आहे. ती नावावरून प्रोसेस बंद करते. लिनक्सवर ठीक. सोलारिसवर मात्र याच नावाची कमांड मशीन बंद करतानाच्या कामाची आहे आणि ती चालू असलेल्या सगळ्याच प्रोसेस संपवते. अनोळखी सर्व्हरवर लॉगिन केल्यावर बोटांच्या सवयीवर विसंबू नये, त्याचं हे जुनं आणि चांगलं उदाहरण.

एकूण परिस्थिती बघायला टॉप, किंवा असेल तर एचटॉप. टॉप चालू असताना मोठा पी दाबला की सीपीयूप्रमाणे क्रम लागतो, मोठा एम दाबला की मेमरीप्रमाणे. छोटा सी दाबला की पूर्ण कमांड दिसते. सीपीयूच्या रकान्यात १०० पेक्षा मोठा आकडा दिसला तर घाबरू नका, एकाच प्रोसेसने एकापेक्षा जास्त कोअर वापरले इतकाच त्याचा अर्थ. टॉप आणि पीएस यांचे सीपीयूचे आकडे जुळत नाहीत हेही साहजिक आहे. टॉप गेल्या काही सेकंदांचं सांगते. पीएस प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी सांगते. आठवडाभर शांत असलेली आणि आत्ता पेटलेली प्रोसेस पीएसमध्ये निरागस दिसते.

वर उजवीकडे लोडचे तीन आकडे असतात: गेलं एक, पाच आणि पंधरा मिनिटं. ‘एनप्रॉक’ने मशीनचे कोअर किती ते कळतं, आकडा त्याच्या आसपास असेल तर मशीन भरलेलं आहे, बरंच वर असेल तर रांग लागली आहे. लिनक्समध्ये यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात. म्हणून लोड ४० आणि सीपीयू मात्र निवांत असं दृश्य दिसलं तर सीपीयू सोडा, डिस्क किंवा नेटवर्कवरचं स्टोरेज तपासा.

पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो तो क्रमांक) अडलेला असेल, म्हणजे सर्व्हर सुरू करताना ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार येत असेल, तर दोषी शोधायला ‘एसएस -एलटीएनपी’ किंवा ‘एलएसओएफ -आय :८०८०’. दुसऱ्या यूजरची प्रोसेस बघायची तर ओळीच्या सुरुवातीला सुडू (प्रशासकाच्या अधिकाराने चालव) लागतो.

नऊ नंबर शेवटी

किल कमांड सिग्नल पाठवते, आणि काही सांगितलं नाही तर टर्म, म्हणजे १५ क्रमांकाचा. त्याचा अर्थ ‘आवरा आणि निघा’. प्रोग्रॅमला तो ऐकू येतो: तो अर्धवट लिहिलेलं पूर्ण करतो, तात्पुरत्या फाइली काढतो, लॉक सोडतो, आपल्या लेकरा-प्रोसेसना कळवतो आणि जातो. ९ क्रमांकाचा किल सिग्नल मात्र प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल त्याला परस्पर संपवतो. लिहायचं राहिलेलं राहतं, लॉक फाइल तशीच पडून राहते आणि पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम ‘मी आधीच चालू आहे’ म्हणून सुरू व्हायला नकार देतो. इंटरनेटवर जिथे तिथे ‘किल -९’ लिहिलेलं असतं. त्यामागे घाई सोडून काही कारण नसतं. आधी साधा किल, मग दहा-पंधरा सेकंद थांबा, आणि तरीही हलली नाही तरच नऊ. डेटाबेस असेल तर त्याहून जास्त थांबा.

टर्मिनलमधला कंट्रोल-सी हाही एक सिग्नलच, २ क्रमांकाचा. कंट्रोल-झेड प्रोसेस थांबवून ठेवतो, संपवत नाही. त्यानंतर ‘बीजी’ म्हटलं की ती मागे चालू लागते, ‘एफजी’ म्हटलं की पुढे येते, ‘जॉब्ज’ने यादी दिसते. चालू असलेलं जड काम तासभर बाजूला ठेवायचं असेल तर त्याला मारायची गरज नाही: ‘किल -स्टॉप’ आणि क्रमांक, नंतर ‘किल -कॉन्ट’ आणि क्रमांक, म्हणजे जिथे होतं तिथूनच पुढे. इथे सिग्नलचं नाव लिहा, आकडा नको, आणि नाव मोठ्या अक्षरांत. नेहमीच्या लिनक्स मशीनवर १९ म्हणजे थांब. मॅकवर १९ म्हणजे पुढे चालू लाग.

नऊ पाठवूनही जात नाही? पीएसमधला स्थितीचा रकाना बघा. तिथे डी असेल तर प्रोसेस कर्नलच्या आत कशाची तरी, बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची, वाट बघत आहे. ती परत आल्याशिवाय सिग्नल लागू होत नाही, आणि शंभर वेळा नऊ पाठवलं तरी फरक पडत नाही. झेड असेल तर ती झोंबी: आधीच मेलेली आहे, मेमरीही धरून नाही, तिच्या पालकाने तिच्या मरणाची नोंद घेतलेली नाही इतकंच. मेलेल्याला मारता येत नाही. बंदोबस्त पालकाचा करायचा, ‘पीएसट्री -पी’ने तो सापडतो.

मारलेली प्रोसेस दोन सेकंदांत नव्या क्रमांकाने परत उभी राहिली, तर तिला सांभाळणारं कुणीतरी आहे. आजच्या बहुतेक लिनक्सवर ते सिस्टमडी. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’पुढे प्रोसेसचा क्रमांक दिला तर ती कोणत्या सेवेची आहे ते कळतं, मग त्या सेवेलाच ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’.

आणि उलटा प्रकार: आपण काहीच केलं नाही, तरी प्रोसेस गायब. लगेच ‘एको $?’ बघा. १३७ आलं तर १२८ अधिक ९, म्हणजे कुणीतरी नऊ मारला. १४३ म्हणजे १५. नऊ आपण मारला नसेल तर पहिला संशय कर्नलवर. मेमरी संपली की तो स्वतःच एखादी लठ्ठ प्रोसेस निवडून संपवतो, आणि त्याची नोंद ‘डीमेसेज’मध्ये सोडतो, तिथे ‘किल्ड प्रोसेस’ शोधायचं. डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी.

प्रोसेसचा क्रमांक कागदावर लिहून ठेवू नका. क्रमांक संपले की कर्नल पुन्हा खालून वाटायला लागतो, आणि सकाळचा ४३१२ दुपारी दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. मारण्याआधी एकदा:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,ईटाइम,सीएमडी -पी ४३१२

ईटाइममध्ये ती किती वेळ चालू आहे ते दिसतं. तीन दिवसांच्या सर्व्हरऐवजी दोन मिनिटांची प्रोसेस समोर आली तर हात मागे घ्या.

लांबलचक काम दूरच्या मशीनवर चालवायचं असेल तर आधी टीमक्स सुरू करा आणि त्यात चालवा. कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. नोहपनेही भागतं, पण त्यात परत आत डोकावता येत नाही. आणि टर्मिनल एकदम गोठलं, काहीच टाइप होत नाही, तर खिडकी बंद करण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. बहुधा चुकून कंट्रोल-एस दाबला गेलेला असतो.

नाव गेलं, फाइल राहिली

फाइली आणि प्रोसेस हे दोन विषय एकत्र येतात अशी एक अडचण सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. डिस्क भरली. ‘डीएफ -एच’ सांगते शंभर टक्के. तुम्ही फाइंडने मोठ्या फाइली शोधल्या, एक राक्षसी लॉग सापडला, काढून टाकला. डीएफ अजूनही शंभर टक्केच सांगते. ‘डीयू’ने फोल्डर मोजले तर बेरीज कितीतरी कमी भरते. जागा गेली कुठे?

युनिक्समध्ये फाइलीचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएम फक्त नाव पुसते. प्रत्यक्ष मजकुराची जागा तेव्हाच मोकळी होते जेव्हा त्याला एकही नाव उरत नाही आणि एकाही प्रोसेसने तो उघडून धरलेला नसतो. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलेली आहे. त्याला नावाशी देणंघेणं नाही, तो लिहीतच राहतो. डीयू नावांवरून चालते, म्हणून तिला ती फाइल दिसत नाही. डीएफ थेट फाइल सिस्टीमला विचारते, म्हणून तिला दिसते.

दोषी शोधायला:

सुडू एलएसओएफ +एल१

एल मोठा. नाव उरलेलं नाही पण उघड्या आहेत अशा फाइली, त्यांचे आकार आणि धरून बसलेल्या प्रोसेस यात दिसतात. मग ती सेवा रीस्टार्ट करा, जागा सुटते. रीस्टार्ट करणं शक्य नसेल तर ‘/प्रॉक’ या चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधून जाता येतं. प्रोसेस ४३१२ असेल आणि एलएसओएफच्या रकान्यात फाइलीचा क्रमांक ७ असेल, तर ती फाइल ‘/प्रॉक/४३१२/एफडी/७’ या वाटेने अजून हाताला लागते. आधी एलएस -एल करून ती खरंच तीच आहे का बघा, कारण तिच्यापुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं असतं. मग तिला शून्यावर आणा:

सुडू ट्रंकेट -एस ० /प्रॉक/४३१२/एफडी/७

हीच वाट उलट्या दिशेनेही उपयोगी पडते. नको ती फाइल हातून पुसली गेली आणि एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असेल, तर त्या प्रोसेसला हात लावू नका, मशीन रीस्टार्ट करू नका. त्याच वाटेवरून सीपी करून फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा, उघडून तपासा, आणि त्यानंतर प्रोसेसचं काय ते बघा.